‘शिक्षा’ कीं ‘दंड’? : इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांतील एका शब्दाची चिकित्सा

जुन्या पोथ्या व कागदपत्रें यांच्या संशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत ख्रिस्ती धर्मग्रंथांतील एका शब्दाची चर्चा कशासाठीं, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्या प्रश्नाचा उलगडा व्युत्पत्ति, पाठभेद व पूर्वापर संदर्भ या तीन साधनांनीं होण्यासारखा आहे, तो कोणत्याहि धर्माच्या ग्रंथांत उद्भवला तरी संशोधकांच्या कक्षेंतलाच होय. आम्ही स्वतः ख्रिस्ती नाहीं. ग्रीक व इब्री या भाषांशीं आमचा परिचय कोश व व्याकरण यांच्या आधारानें झालेला आहे. संस्कृत मात्र आम्हीं जन्मभर शिकविलें. तेव्हां पुढील विवेचनांत श्रद्धेचा निर्णय नसून शब्दाचा निर्णय आहे, हें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत घ्यावें.

प्रसंग असा घडला. गेल्या पावसाळ्यांत गारगोटीस आमच्या घरीं आमचे एक जुने विद्यार्थी आले. ते ख्रिस्ती आहेत. त्यांची लहान मुलगी कांहीं दिवसांपूर्वींच तापानें गेली होती. समाचारास आलेल्यांपैकीं कोणा सद्गृहस्थानें त्यांचें सांत्वन करतांना, देव ज्यावर प्रीति करितो त्यासच शिक्षा करितो, असें शास्त्रवचन त्यांस ऐकविलें होतें. सांगणाऱ्याचा हेतु चांगला होता, यांत शंका नाहीं. परंतु ऐकणाऱ्याच्या मनांत तें वचन कांट्यासारखें रुतून बसलें. त्यांनीं खूण घातलेलें पान आमच्यापुढें उघडून ठेविलें आणि विचारलें, “गुरुजी, शब्दाचा अर्थ लावायला तुम्हीच शिकवलंत. मग सांगा, ही शिक्षा कसली? आणि गुन्हा कुणाचा, पोरीचा का माझा?”

त्या वेळीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. अवधि मागून घेतला. तें उत्तर आज लिहून काढीत आहों आणि तें त्या एका घरीं पाठविण्यापूर्वीं जाणत्यांच्या दृष्टीखालून जावें, म्हणून येथें मांडीत आहों.

प्रथम ग्रंथाविषयीं. ‘इब्री लोकांस पत्र’ हें नव्या करारांतील एक पत्र असून तें ग्रीक भाषेंत लिहिलेलें आहे. परंपरेनें तें पौलाच्या नांवावर घातलें जात असे. परंतु तिसऱ्या शतकांतील ओरिगेन या पंडितानेंच, त्याचा खरा लेखक कोण हें एका देवास ठाऊक, असा अभिप्राय देऊन ठेविला आहे. आणि आजचे अभ्यासक त्याहून फारसे पुढें गेलेले नाहींत. या पत्राच्या बाराव्या अध्यायांतील ५ ते ११ हीं सात वचनें प्रस्तुत विषयाचीं होत. त्यांचा आशय आमच्या शब्दांत असा : ईश्वराकडून होणाऱ्या शासनास तुच्छ मानूं नये आणि त्यानें खचूनहि जाऊं नये, कारण तो तुम्हांस पुत्राप्रमाणें वागवीत आहे. ज्यास कोणी वळणच लावीत नाहीं तो औरस पुत्र नव्हे. जन्मदात्या पित्यांनीं आपल्या समजुतीप्रमाणें थोडे दिवस आपणांस शिस्त लाविली. ईश्वर आपल्या हितासाठीं, आपण त्याच्या पावित्र्याचे वाटेकरी व्हावें म्हणून ती लावितो. तें शासन त्या घटकेस कोणासच गोड वाटत नाहीं. त्याचें फळ मागाहून येतें.

या सात वचनांत ‘पैदेइया’ हें नाम व त्याच धातूपासून झालेलीं रूपें मिळून आठ वेळां येतात. सर्व प्रतिपादन या एका शब्दाच्या खुंटीवर टांगलेलें आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं. ग्रीक भाषेंत ‘पैस’ म्हणजे बालक. त्यापासून ‘पैदेइया’ म्हणजे बालकास वाढविणें, शिकविणें, माणसांत आणणें. अथेन्सच्या तत्त्ववेत्त्यांनीं विद्या, व्यायाम, संगीत व सदाचार या सर्वांचा समावेश या एका शब्दांत केला होता. पुढें इब्री धर्मग्रंथांचें ग्रीक भाषांतर झालें, तेव्हां इब्रींतील ‘मूसार’ या शब्दासाठीं भाषांतरकारांनीं हाच शब्द योजिला. ‘मूसार’ या शब्दांत उपदेश व ताडन असे दोन्ही अर्थ आहेत. त्यामुळें बालकाच्या शाळेंतील शब्दास छडीचा वास लागला. तो इतका कीं, लूककृत शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायांत रोमन सुभेदार पिलात हा येशूस ‘पैदेइया’ देऊन सोडतों असें म्हणतो, तेव्हां त्या क्रियापदाचा अर्थ फटके मारणें एवढाच उरलेला आहे. शब्द तोच, एका टोकास बालकाची पाटी, दुसऱ्या टोकास सुभेदाराचा आसूड.

आमच्या वाचकांस हा प्रवास ओळखीचा वाटेल. कारण आपल्या ‘शिक्षा’ या शब्दाचें नशीब अगदीं असेंच आहे. ‘शिक्ष्’ हा धातु ‘शक्’ या धातूच्या इच्छार्थक रूपापासून आलेला मानतात. शक्त होण्याची, समर्थ होण्याची इच्छा, हा त्याचा गाभा. वेदांगांत पहिलें अंग शिक्षा. त्यांत वर्णांचा उच्चार शिकवितात. तैत्तिरीय उपनिषदांतील पहिली वल्ली शिक्षावल्ली. तेथें दंडाचा लवलेशहि नाहीं. मराठींत मात्र ‘शिक्षण’ व ‘शिक्षक’ यांनीं पूर्वीचा अर्थ आपल्याकडे ठेवून घेतला आणि ‘शिक्षा’ न्यायालयांत व तुरुंगांत जाऊन बसली. ‘शास्’ धातूचेंहि तेंच. ‘शास्त्र’ त्यापासून, ‘शिष्य’ त्यापासून आणि ‘शासन’हि त्यापासूनच, परंतु आजच्या मराठींत ‘शासन’ म्हटलें कीं वाचकाच्या डोळ्यांपुढें प्रथम सरकार उभें राहतें. निरनिराळ्या मराठी भाषांतरांत या कल्पनेसाठीं ‘शिक्षा’, ‘शासन’ व ‘शिस्त’ हे तीनहि शब्द वापरलेले आढळतात, त्याचें कारण हेंच कीं एकाहि शब्दानें भाषांतरकाराचें पूर्ण समाधान होत नाहीं.

‘दंड’ या शब्दाचें तसें नाहीं. दंड म्हणजे काठी, आणि त्यावरून राजानें अपराध्यास दिलेलें फळ. दंडाची दृष्टि मागें, झालेल्या अपराधाकडे असते. अपराधाचें माप घेऊन तो मोजून दिला जातो आणि दिला कीं हिशेब मिटतो. शिक्षेची दृष्टि, शब्दाच्या मूळ अर्थाप्रमाणें, पुढें असते. जें अद्याप साधत नाहीं तें साधावें एवढाच तिचा हेतु. म्हणून दंडाविषयीं ‘अपराध कोणाचा?’ हा प्रश्न योग्य ठरतो. शिक्षेविषयीं विचारण्याचा प्रश्न ‘यांतून काय साधावयाचें?’ हा होय. आमच्या विद्यार्थ्यानें विचारलेला प्रश्न दंडाचा होता. तो त्याचा दोष नव्हे; मराठी शब्दानें आपला मूळ अर्थ सोडल्यामुळें तो तसा विचारला गेला.

येथें एका पाठभेदाचा विचार करणें अवश्य आहे. पत्रकर्त्यानें हा उपदेश स्वतःचा म्हणून न देतां ‘नीतिसूत्रें’ या जुन्या इब्री ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायांतून (वचनें ११ व १२) घेतला आहे. इब्री लिपींत पूर्वीं केवळ व्यंजनें लिहीत. स्वरांच्या खुणा सुमारें सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान यहूदी पंडितांनीं लाविल्या. बाराव्या वचनाच्या उत्तरार्धांत काफ, आलेफ व बेथ या तीन अक्षरांचा एक समूह आहे. परंपरागत स्वर लाविले असतां त्याचा अर्थ ‘पित्याप्रमाणें’ असा होतो. म्हणजे, पिता जसा आपल्या आवडत्या पुत्रास, तसा ईश्वर सुधारतो. परंतु त्याच तीन अक्षरांस निराळे स्वर लाविले तर ‘दुखविणें’ या अर्थाचें क्रियापद निघतें. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनीं हा दुसरा पाठ धरिलेला दिसतो. कारण त्यांच्या भाषांतरांत त्या जागीं पिता नाहीं, फटके आहेत. इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्यानें हें ग्रीक भाषांतरच पुढें ठेवून वचन उतरून घेतलें. म्हणून आजहि मराठी पवित्र शास्त्र उघडून पाहिल्यास एकच वचन जुन्या करारांत पित्याचें व नव्या करारांत ताडनाचें दिसतें.

ज्यांनीं मोडी कागद वाचले आहेत त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, शब्द तोडून लिहीत नाहींत, आणि एका अक्षरसमूहाचे दोन अर्थ संभवत असतां खरा कोणता हें मागचापुढचा मजकूर पाहूनच ठरवावें लागतें. तोच नियम येथें लाविला पाहिजे. पत्रकर्त्याच्या हातीं आलेल्या पाठांत ‘पिता’ हा शब्द गळला होता. तरीहि लगेच पुढच्या वचनांत त्यानें पुत्र व पिता यांचा संबंध आणिला आणि पुढील चार वचनें त्याच संबंधावर खर्च केलीं. म्हणजे अक्षरांत हरवलेला पिता त्यानें अर्थांत परत मिळविला. आमच्या मतें या ठिकाणीं फटक्यांचा पाठ घेतला तरी पित्याचा अर्थ सुटत नाहीं. उलट पिता वगळून फटके तेवढे घेणारा वाचक पत्रकर्त्याचें म्हणणें अर्ध्यावर तोडतो. प्रीतीची खूण फटका ही नव्हे. फटका शत्रूहि मारतो. प्रीतीची खूण तें नातें होय.

आपल्याकडील व्याकरणकारांनींहि या नात्याचा सूक्ष्म विचार केलेला आहे. पाणिनीनें आठव्या अध्यायाच्या पहिल्या पादांतील आठव्या सूत्रांत, वाक्याच्या आरंभींचें संबोधन कोणकोणत्या भावांत दोनदां उच्चारतात तें सांगितलें आहे. त्या भावांत त्यानें कोप व भर्त्सन, म्हणजे राग व रागें भरणें, हीं दोन निरनिराळीं गणलीं आहेत. रागावल्यावांचून कोणी रागें भरतो काय, मग दोन शब्द कशाला, अशी शंका महाभाष्यांत येते. त्यावर पतंजलि दाखवितो कीं, मनांत राग नसतांहि वडील मंडळी मुलांस रागें भरतांना दिसतात. ते रागावलेल्याचा अवतार तेवढा धारण करितात. तेथेंच त्यानें, मारणाऱ्या गुरूच्या हातांत अमृत असतें, विष नव्हे, अशा आशयाचें एक जुनें वचन उद्धृत केलें आहे. मनुस्मृतींतहि (अध्याय ४, श्लोक १६४) रागाच्या भरांत कोणावर काठी उगारूं नये असें सांगून पुत्र व शिष्य यांचा अपवाद केला आहे, आणि त्या अपवादाचें कारण ‘शिष्टि’, म्हणजे शिकवण, असें दिलें आहे. त्या स्मृतींतील अन्य अनेक विधानें आज कोणी मान्य करणार नाहीं. परंतु कोप व शिकवण हीं दोन वेगळीं आहेत आणि मारणारास तीं वेगळीं ठेवतां आलीं पाहिजेत, ही जाणीव आपल्या परंपरेंत जुनी आहे, एवढें यावरून सिद्ध होतें.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. हें वचन त्या दुःखी पित्यास लागू करणें योग्य होतें काय? आमच्या मतें नव्हतें. आणि त्याचीं कारणें ग्रंथांतच आहेत.

पहिलें कारण संदर्भाचें. पत्राच्या दहाव्या अध्यायांत (वचनें ३२ ते ३४) वाचकांच्या दुःखाचें स्वरूप स्पष्ट सांगितलेलें आहे. चारचौघांत त्यांची निंदा झाली होती, त्यांच्यापैकीं कांहीं बंदींत पडले होते, त्यांची मालमत्ता लुटली गेली होती. आणि हें सर्व त्यांनीं नव्या श्रद्धेसाठीं सोसलें होतें. बाराव्या अध्यायांतील उपदेश या छळास अनुलक्षून आहे. हा छळ अपराधामुळें ओढवलेला नाहीं हें सांगणारा व ऐकणारे दोघांसहि ठाऊक होतें. तेव्हां ज्या दुःखाच्या मुळाशीं अपराध नाहीं अशा दुःखाविषयींचें हें वचन अपराध शोधण्यासाठीं वापरणें हा संदर्भभंग होय.

दुसरें कारण पुरुषाचें. व्याकरणांतील पुरुष आम्हांस अभिप्रेत आहे. उद्धृत वचन सोडलें तर पत्रकर्ता या विषयांत ‘तुम्ही’ व ‘आपण’ या पुरुषांत बोलतो, आणि जेथें पित्यांनीं लाविलेल्या शिस्तीचा उल्लेख येतो तेथें तो स्वतःस त्यांत घालून ‘आपण’ म्हणतो. तो सोसणाऱ्यांच्या पंक्तीस बसून बोलत आहे. जुन्या करारांतील एकशें एकोणिसाव्या स्तोत्रांत आपणांस क्लेश झाले तें बरें झालें, अशा अर्थाचे उद्गार आहेत. तेहि प्रथमपुरुषीं आहेत. ज्यानें सोसलें त्यानें मागें वळून, यांत मला कांहीं शिकावयास मिळालें, असें म्हटलें तर तें खरें असूं शकतें. दुसऱ्यानें बाहेर उभें राहून, त्यास हें शिकविण्यासाठीं झालें, असें म्हटलें कीं वाक्याचा पुरुष बदलतो आणि पुरुषाबरोबर अर्थहि बदलतो. शिक्षेचा दंड होतो.

तिसरें कारण सर्वांत बलवत्तर आहे, आणि तें ईयोबाच्या ग्रंथांत आहे. ईयोबाचे सात पुत्र व तीन कन्या एका दिवसांत मरण पावल्या. त्याच्या समाचारास तीन मित्र आले आणि सात दिवस मुकाट्यानें त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. तेथवर त्यांचें वर्तन निर्दोष होतें. मग त्यांच्यापैकीं अलीफज बोलूं लागला. पांचव्या अध्यायांत तो ईयोबास जो उपदेश करितो त्यांत, ईश्वर ज्यास सुधारतो तो धन्य होय, त्याच्या शासनास तुच्छ मानूं नये, हाच आशय आहे. आणि ‘मूसार’ हाच शब्द आहे. म्हणजे नीतिसूत्रांतील पित्याचा उपदेश व अलीफजाचा उपदेश यांत शब्दाचा फरक जवळजवळ नाहीं. तरीहि ग्रंथाच्या अखेरीस, बेचाळिसाव्या अध्यायांत, ईश्वर अलीफजावर कोपतो आणि तुम्ही माझ्याविषयीं यथार्थ बोललां नाहीं असा त्यास दोष देतो. तक्रार करणारा ईयोब मात्र यथार्थ बोलला असें ठरवितो. एकच वाक्य पित्याच्या मुखीं शास्त्र ठरतें आणि पुत्रशोकांत बुडालेल्याच्या अंगणांत तिऱ्हाइताच्या मुखीं अपराध ठरतें, याहून स्पष्ट निर्णय कोणता हवा? नव्या करारांतहि याच्या विरुद्ध कांहीं नाहीं. जन्मांधाविषयीं, पाप याचें कीं याच्या आईबापांचें, असें शिष्यांनीं विचारलें तेव्हां येशूनें दोन्ही पर्याय नाकारले (योहान, अध्याय ९). आणि शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसें मेलीं तीं इतरांहून अधिक पापी होतीं असें समजूं नका, असें बजाविलें (लूक, अध्याय १३).

महाराष्ट्रांतील एक उदाहरण येथें आठवतें. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनीं मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. तें त्यांच्या पश्चात् १९२४ सालीं केडगांवच्या मुक्तिसदनाच्या छापखान्यांतून बाहेर पडलें. त्यांचे आईबाप दुष्काळांत गेले, भाऊ १८८० सालीं गेला, पति १८८२ सालीं गेला आणि एकुलती कन्या मनोरमा १९२१ सालीं, म्हणजे भाषांतराचें काम चालूं असण्याच्या त्याच काळांत, त्यांच्या आधीं गेली. अलीफजाचें भाषण आणि हें पत्र हीं दोन्ही या बाईंच्या लेखणीखालून गेलीं आहेत. संस्कृत व्याकरण कोळून प्यालेल्या त्या विदुषीस ‘शिक्षा’ शब्दाची मूळ कळा सांगावी लागली नसेल. ज्यानें इतकें सोसलें त्यानें तें वचन आपल्या हातानें मराठींत आणावें, यास अर्थ आहे. त्यांच्या अंगणांत जाऊन तें त्यांस ऐकविण्याचा अधिकार मात्र कोणासहि नव्हता.

मग श्रद्धावंतांनीं एकमेकांस कांहींच सांगूं नये काय? तसें नाहीं. त्यासाठीं मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांत निराळी व निश्चित पद्धति घालून दिलेली आहे. बंधूचा अपराध झाला तर प्रथम त्यास एकांतांत गांठून सांगावें. न ऐकल्यास एकदोघांस बरोबर न्यावें. तरीहि न ऐकल्यास मंडळीपुढें ठेवावें. येथें अपराध प्रत्यक्ष घडलेला आहे, तो कोणाचा हें उघड आहे, आणि पहिलें पाऊल चारचौघांत नसून एकांतांत आहे. पौलहि करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत, शासन झालेल्या मनुष्यास आतां क्षमा करा, नाहींतर तो दुःखानें गिळला जाईल, असें बजावतो. म्हणजे मनुष्याच्या हातीं दिलेल्या शासनास आरंभींहि मर्यादा आहे आणि शेवटींहि आहे.

ती मर्यादा सुटली म्हणजे काय होतें, याचा दाखला आपल्या शेजारच्या गोमंतकांत आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला, साष्टी प्रांतांत राहिला, मराठी शिकला आणि नव्या ख्रिस्ती लोकांसाठीं त्यानें ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचिलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ मिळून ९५ अवस्वरू, आणि सुमारें अकरा हजार ओव्या, असा त्याचा विस्तार आहे. शिष्यानें शंका विचारावी व पाद्री गुरूनें समाधान करावें, ही त्याची रीति. शिकविणें या अर्थानें ही खरी शिक्षा होय. परंतु त्याच प्रदेशांत १५६० सालीं धर्मन्यायसभा, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाली होती आणि मधला थोडा खंड वगळतां ती १८१२ पर्यंत चालली. तिचेहि अधिकारी आपण जिवाच्या कल्याणासाठीं, भटकलेल्यास सुधारण्यासाठीं शासन करितों असेंच म्हणत. त्यांच्या हातीं मात्र बंदिशाळा होती. पुढें १६८४ सालीं तेथील व्हाइसरॉयानें लोकांच्या देशी भाषेवरच बंदी घातली. म्हणजे ज्या भाषेंत गुरूनें शिकविलें ती बोलणेंच अपराध झालें. स्टीफन्स त्या संस्थेहून वेगळा, त्या काळाच्या दोषांपासून अलिप्त होता, असें आम्ही म्हणत नाहीं. तोहि त्याच व्यवस्थेंतला एक होता. तथापि दोन मार्गांचें फळ दोन प्रकारचें निघालें. ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही मुद्रणांची एकहि प्रत आज ठाऊक नाहीं. तरीहि श्रद्धावंतांनीं हातानें नकला करून तें जगविलें. त्यांवरूनच १९०७ सालीं मंगळूर येथें सालढाणा यांची आवृत्ति निघाली, लंडनच्या मार्सडेन संग्रहांत देवनागरी पोथी सांपडली आणि १९५६ सालीं बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति प्रसिद्ध झाली. धर्मन्यायसभेचीं शासनपत्रें कोणीं प्रेमानें उतरून ठेविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

दुसऱ्यांचे दोष इतके दाखविल्यावर आपला न सांगणें बरें नव्हे. जे विद्यार्थी आमच्याकडे प्रश्न घेऊन आले तेच लहानपणीं एकदां श्रावणांत उशिरां वर्गांत आले होते. आम्हीं हात पुढें करावयास लाविला आणि चार छड्या मारिल्या. मागाहून विचारलें तेव्हां कळलें कीं, ओढ्यास पूर येऊन साकव पाण्याखालीं गेला होता आणि मुलगा लांबच्या वाटेनें डोंगर चढून आला होता. आमच्या मनांत त्या मुलाविषयीं प्रेमच होतें, असें आम्ही शपथेवर सांगूं. परंतु आम्हीं आधीं मारिलें व मग विचारिलें. महाभाष्यांतला अमृताचा हात आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितला असेल. त्या दिवशींचा हात कोपाचा होता. २००९ च्या बालशिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानें शाळेंतील शारीरिक शिक्षा निषिद्ध केली, तेव्हां कांहीं समवयस्क शिक्षक हळहळले. आम्ही हळहळलों नाहीं. ईश्वरास सर्व ठाऊक असतें म्हणून त्याचें शासन यथार्थ, असें श्रद्धावंत मानतात. मनुष्यास ओढ्याचें पाणी किती चढलें हेंहि ठाऊक नसतें. पत्रकर्त्यानेंहि जन्मदात्या पित्यांविषयीं, त्यांनीं आपल्या समजुतीप्रमाणें शिस्त लाविली, एवढेंच म्हणून हा भेद सुचविला आहे.

शेवटीं शब्दाचा निर्णय. ‘दंड’ हा शब्द या ठिकाणीं सर्वथा त्याज्य होय. ‘शासन’ सरकारी झाला. ‘शिस्त’ हा मूळचा फारसी शब्द नेम धरणें या अर्थाचा. शिस्त धरून बंदूक मारणें हा प्रयोग जुन्या लिखाणाच्या वाचकांस परिचित आहे. लक्ष्याकडे पाहण्याचा भाव त्यांत आहे, पण माया नाहीं. आमच्या मतें घरगुती मराठींतला ‘वळण’ हा शब्द मूळ कल्पनेच्या सर्वांत जवळ येतो. आई मुलास वळण लाविते. अक्षरासहि वळण असतें, आणि तें पाहूनच आपण मोडी पत्राचा काळ व लेखकाचा संप्रदाय ओळखतों. धूळपाटीवर पंतोजी मुलाचें बोट धरून अक्षर गिरवून घेत. बोट कधीं दुखे, पण पंतोजीचा हात त्या बोटावरच असे. या शब्दांत एक उणीव आहे. त्यांत दुःख येत नाहीं, आणि पत्रकर्त्यानें तर दुःख लपविलेलें नाहीं. म्हणून भाषांतरांत ‘शिक्षा’ हा रूढ शब्द ठेवावा, परंतु शिकविणारानें तो ‘वळण’ या अर्थानें समजावून द्यावा, असें आमचें मत आहे.

आमच्या विद्यार्थ्यास आम्ही पुढीलप्रमाणें लिहीत आहों. तुमच्या कन्येच्या मृत्यूस त्या वचनांतील ‘शिक्षा’ म्हणण्याचा अधिकार समाचारास आलेल्यास नव्हता, आम्हांसहि नाहीं. पुढेंमागें या दुःखांतून तुम्हांस कांहीं उमगलें तर त्यास कोणतें नांव द्यावयाचें तें तुम्हीं ठरवावें. न उमगलें तरी त्यांत तुमचा दोष नाहीं. गुन्हा कोणाचा हा प्रश्न त्या पानावर नाहीं, तेव्हां तेथें त्याचें उत्तर शोधूं नये. आणि साकव पाण्याखालीं गेल्याच्या दिवसाबद्दल आम्ही तुमची क्षमा मागतों.

प्रस्तुत विवेचनांत ग्रीक अथवा इब्री शब्दांविषयीं आमची कांहीं चूक झाली असल्यास जाणत्यांनीं ती अवश्य दाखवावी. तिचा आम्ही आदरानें स्वीकार करूं.